आधी थांबता यावे : पोलीस वाहनचालनाच्या अभ्यासाला प्रस्तावना

कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी धावत आहेत. एकीचा वेग ताशी ६० किलोमीटर, दुसरीचा १००. ब्रेक दोघींचे सारखेच चांगले, टायर सारखेच नवे, चालकही सारखेच सावध. समोर एक म्हैस आडवी येते. ती दिसून पाय ब्रेकवर पडायला दोघांनाही एक सेकंद लागतो. साठच्या वेगाची गाडी साधारण ३६-३७ मीटरवर उभी राहते. नेमक्या त्याच जागी शंभरच्या गाडीचा वेग किती उरलेला असेल? बहुतेक जण चाळीस म्हणतात, कारण शंभरातून साठ वजा केले की चाळीस उरतात. खरे उत्तर ९० च्या वर आहे. चालक सावध होईपर्यंतच्या त्या एका सेकंदात ही गाडी जवळजवळ २८ मीटर पुढे गेली, आणि ब्रेकला काम करायला जेमतेम नऊ मीटर मिळाले. चांगला ब्रेक लागला की गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी २५ किलोमीटरने उतरतो असे धरून हे गणित कागदावर मांडता येते. प्रत्येकाने ते एकदा तरी स्वतःच्या हाताने मांडावे.

या अभ्यासात येणाऱ्या वाचकाचे स्वागत मी मुद्दाम या गणिताने करतो आहे. ब्रेक म्हणजे पायाखालचे पेडल अशी आपली समजूत असते. गाडी कुठे थांबणार हे मात्र पेडल दाबण्याच्या कितीतरी आधी ठरते. आपण कोणत्या वेगाने आलो, किती पुढचे पाहत होतो, टायरमध्ये हवा किती होती, मागे किती माणसे बसली होती, चालक किती तास जागा होता, यावर ते ठरते. पाय पेडलवर जातो तेव्हा यातले काहीही बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. पुढे जे काही मांडायचे आहे ते याच एका गोष्टीभोवती फिरते.

पोलीस शिपाई चालक म्हणून भरती होणारा तरुण गाडी चालवता येते हे दाखवूनच खात्यात येतो. परवाना असतो, कौशल्य चाचणी झालेली असते. त्यानंतर त्याच्याकडून जे मागितले जाते ते कोणत्याच परवान्याच्या चाचणीत तपासलेले नसते. रात्री दोन वाजता ११२ चा कॉल येतो आणि कधी न पाहिलेल्या वस्तीकडे निघावे लागते. सकाळी ताफ्यात पायलट गाडी, दुपारी कैदी घेऊन कोर्ट, संध्याकाळी मिरवणुकीच्या गर्दीतून माणसाच्या चालीने. रोज तीच गाडी हाताला येईल याचीही खात्री नाही. आज बोलेरो, उद्या अर्टिगा, परवा कैद्यांची मोठी व्हॅन. शर्यतीच्या चालकाला पुढचे वळण तोंडपाठ असते. एसटीच्या चालकाला आपला मार्ग माहीत असतो, थांबे माहीत असतात. पोलीस चालकाला रस्ता, वेळ आणि मुक्काम यांतले काहीच आधी ठाऊक नसते, आणि कानात वायरलेस सतत बोलत असतो. त्याचे काम या दोघांहून निराळे आहे, म्हणून त्याची विद्याही निराळी असायला हवी.

ही विद्या पहिल्यांदा नीट लिहून काढली गेली ती लंडनच्या उत्तरेला हेंडन येथे. १९३० च्या दशकात लंडनच्या पोलिसांकडे मोटारी वाढल्या, तसे त्यांचे अपघातही वाढले. तेव्हाचे पोलीस आयुक्त लॉर्ड ट्रेंचर्ड आधी विमानदलात होते. यंत्र चालवणाऱ्या माणसाला पद्धतशीर शिक्षण लागते हे त्यांना नव्याने पटवून द्यावे लागले नाही. हेंडनच्या पोलीस महाविद्यालयाबरोबर तिथे वाहनचालनाची शाळाही उभी राहिली. १९३७ मध्ये या शाळेला सल्लागार म्हणून लाभले मार्क पेपिस, कॉटनहॅमचे सहावे अर्ल. हे गृहस्थ आधी शर्यतींतून गाड्या चालवलेले. पोलिसांनी शर्यतीच्या माणसाला बोलावले म्हणजे वेग शिकवायला बोलावले असणार, असे कोणालाही वाटेल. त्यांनी शिकवला तो क्रम. प्रत्येक धोक्याकडे जाताना, मग तो चौक असो, वळण असो की रस्त्यात उभा ट्रक, चालकाने ठरावीक कामे ठरावीक क्रमानेच करायची. पुढे याच पद्धतीवर ‘रोडक्राफ्ट’ हे ब्रिटिश पोलीस चालकांचे पुस्तक तयार झाले. १९५५ मध्ये ते सर्वांसाठी प्रसिद्ध झाले, आणि सुधारलेल्या आवृत्त्यांतून आजही ते वापरात आहे.

हा क्रम आज पाच पायऱ्यांत सांगतात. आधी माहिती घ्या, मग रस्त्यावर आपली जागा घ्या, मग वेग ठरवा, त्या वेगाला साजेसा गिअर टाका, आणि शेवटी गती द्या. माहिती घेणे ही पहिली पायरी असली तरी ती बाकीच्या चारही पायऱ्यांवर चालूच राहते. ऐकायला हे फारच साधे वाटते. त्याचे मर्म तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये आहे. वेग उतरवायचे काम ब्रेकचे. ते आधी पूर्ण करायचे आणि मगच गिअर बदलायचा. आपल्याकडे अनेक चालक वळणात शिरता शिरता एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने क्लच दाबतात, डावा हात गिअरवर नेतात, आणि एकाच उजव्या हाताने स्टिअरिंग फिरवतात. नेमक्या ज्या क्षणी गाडीला दोन्ही हातांची गरज असते, त्या क्षणी एक हात दुसरीकडे गुंतलेला असतो. क्लच दाबला म्हणजे इंजिन चाकांपासून सुटते आणि त्याचा रोध जातो, हे आणखी वेगळेच. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर ब्रेक मारून, गिअर टाकून, दोन्ही हात स्टिअरिंगवर घेऊन आत शिरणारा चालक बघणाऱ्याला संथ वाटतो. वळणातून बाहेर मात्र तोच आधी पडतो.

हेंडनच्या परंपरेतली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती म्हणजे बोलत गाडी चालवणे. शिकणारा चालक जे जे दिसते आणि त्यावरून जे जे घडू शकते ते मोठ्याने सांगत जातो, आणि शेजारी बसलेला प्रशिक्षक ऐकत असतो. ही रीत आपल्या रस्त्यावर आणून पाहा. गळीत हंगामातली रात्र, सांगली किंवा कोल्हापूरकडचा एखादा राज्यमार्ग. चालक बोलतो आहे : “उजवीकडे ढाबा, ट्रकची पुढची चाकं रस्त्याकडं वळलेली, तो बाहेर पडणार. पुढं एसटी थांबलीय, तिच्या पुढनं कुणीतरी रस्ता ओलांडेल. त्यापुढं अंधारात काहीतरी ठोकळा दिसतोय, दिवा नाही, उसाच्या दोन ट्रॉल्या असणार. वेग कमी.” बोलायचे म्हटले की पाहावे लागते, आणि पाहिलेल्याचा अर्थ लावावा लागतो. चालकाची नजर कुठे कमी पडते हे प्रशिक्षकाला पाच मिनिटांत कळते. या शिक्षणाला यंत्र लागत नाही, मैदान लागत नाही, पैसाही लागत नाही. तरीही आपल्या प्रशिक्षणात याला मानाचे स्थान मिळालेले नाही, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

पाहण्याचा एक नियम सगळ्या नियमांच्या मुळाशी आहे. आपल्या बाजूचा जेवढा रस्ता मोकळा दिसतो, तेवढ्याच अंतरात गाडी उभी करता आली पाहिजे. कोकणातल्या एकपदरी रस्त्यावर तर त्याच्या निम्म्या अंतरात, कारण समोरून येणाराही तेच अंतर खात येत असतो. रात्री याचा अर्थ बदलतो. डिपरच्या उजेडात नीट दिसणारा रस्ता पन्नास-साठ मीटर धरला, आणि रात्रीच्या वेळी चालकाला सावध व्हायला दीड सेकंद दिला, तर ८० च्या वेगाची गाडी थांबायला सुमारे ६९ मीटर घेते. म्हणजे हा चालक आपल्याच दिव्यांच्या पुढे धावतो आहे. घाटातल्या वळणावर हाच नियम डोळ्यांनी मोजता येतो. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूकडे पाहावे. तो बिंदू आपल्याकडे सरकत असेल तर वळण आवळते आहे, वेग उतरवा. तो आपल्याच वेगाने पुढे सरकत असेल तर वेग जुळला आहे. तो दूर पळू लागला तर वळण उघडते आहे, आता गती द्यायला हरकत नाही. आंबोलीचा घाट कधीही न पाहिलेला चालकसुद्धा एवढ्यावर तो सुरक्षित उतरू शकतो.

आता टायरकडे येऊ, कारण या शास्त्राचा गाभा तिथे आहे. गाडी रस्त्याला धरून असते ती चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढ्या जागेत. ब्रेक मारणे, वळणे, गती घेणे ही तिन्ही कामे याच चार तळहातांवर चालतात. वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखले जाणारे एक वर्तुळ या विषयाच्या प्रत्येक पुस्तकात भेटते. टायरची एकूण पकड म्हणजे त्या वर्तुळाची त्रिज्या. ती एकाच वेळी पूर्ण ब्रेकला आणि पूर्ण वळणाला देता येत नाही. घरातल्या एकाच पगारातून किराणाही भागवायचा आणि शाळेची फीही, तसे हे आहे. एकीकडे जास्त गेले की दुसरीकडे कमी पडणारच.

आकड्यांत पाहिले तर हा हिशेब अंगावर येतो. ५० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. घाटात अशी वळणे पावलोपावली आहेत. कोरड्या रस्त्यावर टायर दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद एवढा वेगबदल सोसू शकतात असे धरू. ताशी ६० ने वळलो तर त्यातले साडेपाच मीटर वळण्यातच खर्च होतात. दोन्ही बले काटकोनात असल्याने साधी वजाबाकी चालत नाही. वर्तुळाच्या हिशेबाने ब्रेकसाठी सुमारे ४.३ उरतात. वेग फक्त ५ किलोमीटरने वाढवून ६५ केला की ब्रेकसाठी उरतात अडीच. साडेसदुसष्टच्या आसपास काहीच उरत नाही. तिथे पाय ब्रेकला लागला की गाडी सरकते. “अचानक ताबा सुटला” हे वाक्य पंचनाम्यात आणि बातमीत आपण नेहमी वाचतो. त्यातला अचानकपणा चालकाच्या अनुभवातला असतो. टायरच्या हिशेबात ती गाडी वळणात शिरतानाच कफल्लक झालेली असते.

पकडीची वाटणीही चारी चाकांत सारखी राहत नाही. ब्रेक लागला की गाडीचे नाक खाली दबते, म्हणजेच मागचा भार पुढे येतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांत २.७ मीटर अंतर असलेल्या गाडीत जोरदार ब्रेकला एकूण वजनाचा सुमारे १८ टक्के भार पुढच्या चाकांवर सरकतो. मागची चाके हलकी होतात. पुढची चाके जाम झाली तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. मागची आधी जाम झाली तर गाडी गरकन फिरते, आणि उंच गाडी फिरली की उलटण्याची भीती उभी राहते. म्हणून मागे सहा जण बसलेली बोलेरो आणि तीच बोलेरो रिकामी, या ब्रेकच्या दृष्टीने दोन निराळ्या गाड्या आहेत. बोलेरोला ताकद मागच्या चाकांना मिळते, अर्टिगाला पुढच्या. ओल्या रस्त्यावर रिकाम्या बोलेरोला वळणात खालच्या गिअरमध्ये जोराने गती दिली तर मागचा भाग बाहेर निघू शकतो. अर्टिगात तसेच केले तर पुढची चाके पकड सोडतात आणि गाडी वळणाच्या बाहेर ओढली जाते. उपायाची सुरुवात दोन्हीकडे एकच : ॲक्सिलरेटर हळूच कमी करा, झटक्याने सोडू नका. मागचा भाग सरकला असेल तर स्टिअरिंग तो सरकतो त्याच बाजूला, म्हणजे जिकडे जायचे आहे तिकडे, आणि नजरही तिकडेच. ज्या झाडाला धडकायची भीती वाटते त्या झाडाकडे पाहत राहिले की हात आपोआप गाडी तिकडे नेतात.

एबीएसबद्दल गैरसमज इतके आहेत की त्यावर थोडे थांबायलाच हवे. चाक जाम होऊ न देणारी ही यंत्रणा आधी विमानांसाठी घडली. इलेक्ट्रॉनिक रूपात ती १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना ती सक्तीची आहे. पोलिसांच्या ताफ्यात त्याच्या आधीच्याही गाड्या असतात, म्हणून गाडी ताब्यात घेताना पहिला प्रश्न हाच असावा : हिला एबीएस आहे का, आणि चावी फिरवल्यावर त्याचा पिवळा दिवा लागून विझतो का? जुन्या चालकांना पेडल टपटप मारत ब्रेक लावायची सवय असते. जाम झालेले चाक सोडवायला ती सवय योग्यच होती. एबीएस असलेल्या गाडीत तीच सवय अंतर वाढवते. इथे पेडल पूर्ण ताकदीने दाबायचे, दाबूनच ठेवायचे, आणि अडथळा टाळण्यासाठी स्टिअरिंग वळवायचे. पेडल पायाखाली थरथरते, खालून कटकट आवाज येतो, आणि पहिल्यांदा अनुभवणारा घाबरून पाय काढतो. माणसे आणीबाणीतही पेडल पुरेसे दाबत नाहीत हे अभियंत्यांच्या इतके ध्यानात आले होते, की १९९६ मध्ये मर्सिडीजने घाईने दाबलेल्या पेडलाला स्वतःहून पूर्ण जोर देणारी यंत्रणा बसवली. ती थरथर पहिल्यांदा भरवस्तीत अनुभवायला येणे हे प्रशिक्षणाचे अपयश आहे. ती मैदानावर, प्रशिक्षकाच्या शेजारी, पुन्हा पुन्हा अनुभवलेली असावी. आणि एवढे लक्षात ठेवावे की एबीएस नवी पकड निर्माण करत नाही. सुट्या खडीवर किंवा मुरमावर तर ती थांबण्याचे अंतर वाढवूही शकते. म्यूनिकमध्ये १९८० च्या दशकात काही टॅक्सींना एबीएस लावून आणि काहींना न लावता तुलना करण्यात आली. अपघातांत अपेक्षित घट दिसली नाही. ज्यांच्याकडे एबीएस होते ते चालक अधिक जोरात हाकत होते. यंत्राने दिलेली सुरक्षितता माणसाने वेगात खर्चून टाकली.

घाटातला ब्रेक हा उष्णतेचा विषय आहे. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे ५०० मीटर उंची कमी होते. दोन टनांची गाडी तेवढे उतरताना जी ऊर्जा सोडते, ती ६० च्या वेगातली तीच गाडी पस्तीस वेळा उभी करण्याएवढी असते. ती सगळी ब्रेकने झेलायची ठरवली तर लायनर तापतात, त्यांचे घर्षण कमी होते, पेडल कडकच लागते पण गाडी धरत नाही. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळणे. डॉट ३ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. हवेतला दमटपणा शोषला की तो १४० पर्यंत उतरू शकतो. ऑइलची वाफ झाली की पेडल मऊ होऊन तळाला जाते. कोकणातल्या पावसाळ्यांतून गेलेल्या आणि ऑइल कधीच न बदललेल्या गाडीबद्दल म्हणूनच मला फार काळजी वाटते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड गाड्यांचे किती भयंकर अपघात झाले हे पुणेकरांना सांगायला नको. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणे हे त्यामागचे एक कारण वारंवार पुढे आले आहे. पोलीस चालकाला तो उतार रोज उतरावा लागतो, अनेकदा अपघातस्थळी पोहोचायलाच. जो गिअर चढताना लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे, इंजिनला गाडी धरू द्यावी, ब्रेक लावायचा तो थोडा वेळ पण ठाम, मग सोडून त्याला थंड होऊ द्यावे. सतत हलका पाय ठेवून उतरणे सर्वांत वाईट.

पावसाबद्दल दोनच गोष्टी. पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेल मिळून जो थर होतो तो भर पावसाळ्यातल्या धुतलेल्या रस्त्याहून निसरडा असतो. आणि साचलेल्या पाण्यावर वेगाने गेले की टायर पाण्यावर तरंगतो. अमेरिकेच्या ‘नासा’ने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवरून काढलेल्या सूत्रानुसार ३० पौंड हवा असलेला टायर साधारण ताशी ९० ला रस्ता सोडतो. हवा कमी असेल तर त्याआधीच. तिथे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे म्हणून पावसातही १२० हा वेग योग्य ठरत नाही.

गाडीचे शास्त्र इथवर आले की चालकाच्या मनाकडे यावे लागते. सायरन सुरू झाला की आपणही बदलतो. नाडी वाढते, नजर अरुंद होते, समोरची पळणारी गाडी तेवढी दिसते आणि शेजारच्या गल्लीतून येणारी सायकल दिसत नाही. ब्रिटिश पोलीस प्रशिक्षक या अवस्थेला ‘रेड मिस्ट’ म्हणतात. दुसरीकडे रस्त्यावरच्या लोकांना सायरन कुठून येतो हे चटकन कळत नाही, आणि काचा बंद करून गाणी ऐकणाऱ्याला तो फार उशिरा ऐकू येतो. कायद्यानेही इथे स्पष्ट रेघ ओढली आहे. २०१७ च्या मोटार वाहन (चालन) विनियमांत आणीबाणीच्या कामावरील वाहनाला अग्रक्रम आहे, सिग्नल आणि वेगमर्यादा ओलांडण्याची मुभा आहे, पण ती योग्य काळजी आणि जबाबदारी पाळूनच. बेदरकार चालवण्याचे भारतीय न्याय संहितेतले कलम २८१ आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे कलम १०६ अंगावर वर्दी आहे म्हणून बाजूला होत नाहीत. ब्रिटनने २०२२ मध्ये कायदा बदलून पोलीस चालकाचे वागणे सामान्य चालकाशी न ताडता, तसेच प्रशिक्षण घेतलेल्या सक्षम आणि दक्ष पोलिसाशी ताडावे अशी तरतूद केली. मला ही दिशा न्याय्य वाटते, मात्र तिला एक अट आहे. ते प्रशिक्षण खरोखर दिलेले असले पाहिजे. न शिकवता मुभा देणे आणि अपघातानंतर एकट्या चालकाला पुढे करणे, हे त्या माणसावर अन्याय करणारे आहे.

वेगाने किती वेळ वाचतो हेही शांतपणे मोजावे. शहरात तीन किलोमीटर अंतरासाठी सरासरी ४० ऐवजी ६० ठेवता आली तर दीड मिनिट वाचते. कधी कधी दीड मिनिटात जीव वाचतो, हे खरे आहे. वाटेत अपघात झाला तर कॉल करणाऱ्याकडे कोणीच पोहोचत नाही, आणि दुसरी गाडी आता दोन ठिकाणी पाठवावी लागते. ताफ्याचा हिशेब तर याहून कडक. ८० च्या वेगात पुढच्या गाडीपासून दहा मीटर अंतर म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ. पुढच्या गाडीचा लाल दिवा डोळ्यांना दिसून मेंदूला कळेपर्यंत ते संपलेले असते. ताफ्यात मध्येच दुसरे वाहन घुसू नये म्हणून गाड्या चिकटून चालवतात हे मला ठाऊक आहे. त्यासाठी लेन, वेग आणि पायलट गाडीचे नियोजन सुधारावे; मागच्या चालकाकडून अशक्य प्रतिक्रिया मागू नये.

झोपेचा विषय खात्यात उघडपणे बोलला जात नाही, म्हणून तो इथे स्पष्ट लिहितो. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की सतत १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाएवढे ढासळते. भारतात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. गणेश विसर्जनाचा किंवा आषाढी वारीचा बंदोबस्त संपवून दीडशे किलोमीटर परत निघणारा चालक सतरा तास केव्हाच ओलांडून गेलेला असतो. त्याच्या मागच्या बाकावर झोपी गेलेले सहकारी त्याच्याच भरवशावर असतात. लॉगबुकात गाडीचे किलोमीटर आणि डिझेल लिहिले जाते, चालक किती तास जागा आहे हे लिहिले जात नाही. तो एक रकाना वाढवणे हे वरिष्ठांच्या हातात आहे, आणि तो वाढेपर्यंत चालकाने “साहेब, अर्धा तास डोळा लावतो” असे म्हणणे हे त्याच्या कामाचेच अंग मानले जावे.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. यातल्या अनेकांकडे सर्वांत आधी पोहोचलेली गाडी पोलिसांची असणार. तरीही या चालकाची विद्या आपल्याकडे उस्तादाकडून शागिर्दाकडे, गाडीच्या बोनेटशी उभे राहून, तोंडी चालत आली आहे. त्या तोंडी विद्येत पुष्कळ शहाणपण आहे. तिच्या जोडीला मोजमाप हवे. आपल्या घाटांतल्या ओल्या डांबराची पकड किती, बारा महिने वापरलेल्या पोलीस टायरवर गाडी किती मीटरला थांबते, भरलेल्या कैदी व्हॅनचा गुरुत्वमध्य किती वर जातो, हे आपल्याच चालकांनी, आपल्याच गाड्यांवर मोजायचे प्रश्न आहेत. मोटार तपासणीची आणि चालक प्रशिक्षणाची जाणती संस्था, केंद्रीय मार्ग परिवहन संस्था, पुण्यातच आहे. तंत्रज्ञांची आपल्याकडे वाण नाही. चालकाने प्रश्न घेऊन तिथे जावे, आणि त्याला तिथे तज्ज्ञाचा मान मिळावा.

नव्या अभ्यासकाने सुरुवात कुठून करावी? परेड मैदानाचा किंवा बंद रस्त्याचा शंभर-दीडशे मीटरचा मोकळा पट्टा पुरे. चुन्याची एक रेघ मारावी. एबीएस असलेली गाडी ३० च्या वेगाने आणून, रेघेवर पुढची चाके आली की पेडल पूर्ण दाबावे, आणि गाडी उभी राहिल्यावर टेपने अंतर मोजावे. मग ६० ने. सिद्धान्त सांगतो की दुप्पट वेगाला अंतर चौपट होईल, पाच मीटरचे वीस. मैदान मातीचे असेल तर दोन्ही आकडे वाढतील, आणि किती वाढले तेही शिकण्यासारखे असेल. त्यानंतर पट्ट्यावर टँकरने पाणी मारून तेच, आणि मागे सहा जण बसवून पुन्हा तेच. दर वेळी गाडीचा क्रमांक, टायरमधली हवा, नक्षीची खोली, भार, जमीन कोरडी की ओली, आणि चालक किती तास जागा आहे, हे सगळे मोजलेल्या अंतराच्या शेजारी वहीत लिहावे. शेवटच्या फेरीत रेघेऐवजी बाजूला उभ्या सहकाऱ्याने न सांगता झेंडा खाली करावा. झेंडा हलला तिथपासून पेडल दाबले गेले तिथपर्यंत गाडी किती पुढे गेली तेही वेगळे मोजावे. पहिल्या फेरीतल्या अंतराशी ते ताडून पाहिले की अभ्यासाला सुरुवात झाली.